अंगणवाडीत औषध मारायचंच कशाला? आणि मारायचं तर पोरं आत असताना?

प्राजू_पलूस
गाव तासगाव भागातलं आहे, नाव लिहीत नाही कारण लगेच राजकारण सुरू होतं. भाचीला आणायला अंगणवाडीत गेले तर दारातच वास आला, द्राक्षबागेत ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरचा मोठा फवारा, फिरून गेल्यावर येतो तसाच. विचारलं तर म्हणे झुरळं लई झाली होती म्हणून सकाळी पंप मारून घेतला. पंप म्हणजे पाठीवरचा, कुणाच्या तरी बागेत चालतो तोच, औषध कुठलं ते कुणालाच सांगता येईना, बाटलीवरचं लेबल भिजून निघालेलं. सतरंजी भिंतीकडेला गुंडाळून ठेवली होती तिच्यावरही उडालं असणार, आणि तीच अंथरून पोरं बसवलेली. ताटल्या रॅकवर उघड्या, त्यातच दुपारची खिचडी.

माझं म्हणणं साधं आहे. तीन ते सहा वर्षांचं पोर जमिनीवरच असतं, हात दिवसभर तोंडात, वजनाच्या मानानं ते मोठ्या माणसापेक्षा हवाही जास्त घेतं आणि खातंही जास्त, आणि विष मोडायची ताकद त्याच्या अंगात अजून पुरती आलेली नसते. शिवाय शेतात मारलेलं औषध ऊन, पावसानं विरतं, बंद खोलीत ते धुळीत बसून राहतं. तर आत फवारणी बंदच करा, आणि शेजारच्या बागांत पोरं सुटेपर्यंत ब्लोअर नको. बोला आता.

बागायतदार_कवठेमहांकाळ
ताई आतल्या पंपाचं बरोबर हाय, ते येडेपणाच हाय, त्यावर वाद नाही. पण शेवटचं वाक्य जे टाकलंय ना ते बाग न केलेल्या माणसाचं हाय. फळछाटणी झाली, घड बाहेर पडले, आणि नेमका त्यातच पाऊस लागला की डावणी, म्हंजी पानाघडावरची बुरशी, रात्रीत येती. सकाळी पानामागं पांढरं दिसलं की संध्याकाळपातूर थांबायचं? आख्खा प्लॉट जातो, सोसायटीचं कर्ज मागं उभं असतंय. आणि दुसरं, आमची बाग आधीची, अंगणवाडी नंतर आली. पंचायतीनं फुकटची जागा मिळाली म्हणून शिवारात नेऊन बांधली, आता त्याचा दोष आमच्यावर?

अजून एक, आम्ही मारतो त्यातलं निम्म्याच्या वर बुरशीनाशक आणि मणी फुगवायचं जीए असतंय. सगळ्याला विष विष म्हणू नका.

प्राजू_पलूस
@बागायतदार दादा, डावणीच्या दिवशी थांबा असं कुणी म्हणत नाही हो. पण वर्षभरातल्या सगळ्याच फवारण्या काय डावणीच्या नसतात, उडद्या, मिलीबग, थ्रिप्स असल्या किडींच्या ठरवून मारता येतात की. कॅलिफोर्नियात, जिथं द्राक्षं पिकतात, तिथं 2018 पासून नियमच आहे, सोमवार ते शुक्रवार सकाळी 6 ते संध्याकाळी 6, सरकारी शाळा आणि परवानाधारक पाळणाघराच्या पाव मैलात ब्लोअरनं मारायचं नाही. पाव मैल म्हणजे साधारण 400 मीटर. त्यांची शेती काय बुडाली नाही.

बागायतदार_कवठेमहांकाळ
बुडणार कशी, त्याच्याकडं शेकड्यानं एकर, त्यातली एक पट्टी राखली तर त्याला कळतबी नाही. माझी बाग पाऊण एकर. अंगणवाडीपास्नं 400 मीटरचं रिंगण काढा, आमचं निम्मं शिवार त्यात येतंय, आणि त्यात समदे पाऊण एकर, दीड एकरवाले. नियम तिकडनं उचलून आणताना जमिनीचा तुकडाबी बघावा लागतोय.

सेविका_मिरज_तालुका
मी बऱ्याच वर्षांपासून सेविका आहे, सगळ्यांचं वाचतेय. बाहेरून बोलायला सोपं असतं. आमच्या खोलीत पोषण आहाराची पोती, त्याला उंदीर, उंदरामागं साप, पावसाळ्यात स्लॅब गळतो आणि दाराखालून दोन बोटं फट. मुंगळे पोरांना चावले की पालक भांडायला येतात, औषध मारलं की तेच पालक परत भांडायला येतात. मानधनातून मी मुंग्यांचा खडू आणते, कुणी पैसे देत नाही. खडू पण नको म्हणाल तर मग काय करू ते सांगा, नुसतं बंद करा बंद करा म्हणू नका.

कराडचा_पश्या
ताई खडू खरंच नको. तो पांढरा आणि हे पोरांचं वय खडूनं रेघोट्या मारायचं, हातात सापडला की पाटीवर नाही तर तोंडात. त्यातही कीटकनाशकच असतं.

माझा मेहुणा कराडात पेस्ट कंट्रोल करतो, त्याचं म्हणणं असं की झुरळाला फवारणी मुळात वायाच, समोरची मरतात, फटीतली राहतात आणि महिन्यात परत तेवढीच. तो जेल लावतो, मसुराच्या दाण्याएवढे ठिपके, बिजागरीच्या मागं, ओट्याच्या खालच्या कडेला, पोराचा हात जाणार नाही तिथं. झुरळ खाऊन बिळात जातं आणि बाकीचीही मरतात. हवेत काही उडत नाही. पण त्याच्या आधी दोन कामं, पोत्यातलं धान्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात आणि मोरीच्या भोकाला जाळी. दाराखाली रबरी पट्टी मारली की उंदीर आणि साप दोन्ही अडतात. पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, तो पैसा बहुतेक ठिकाणी सतरंज्या आणि खुर्च्यांत जातो. ग्रामसभेत जाळ्या आणि पिंपं मागा, लेखी.

सेविका_मिरज_तालुका
लेखी दिलंय. मागं पण दिलंय. असो, जेलचं बघते.

गावभाग_सांगली
इथं सगळे ग्रामीण बोलताय, शहराचं पण बघा. 2019 च्या पुरात आमच्या गल्लीत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, ते उतरल्यावर जी घाण आणि डास झाले ते ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा फवारणी हवी का नको. माझ्या पुतण्याला नंतर डेंग्यू झाला, प्लेटलेट खाली गेल्या, चार रात्री दवाखान्यात बसलोय. माझी मुलगी प्लेग्रुपला जाते, तिथल्या मॅडमना मीच सांगते धूर मारून घ्या म्हणून. औषधाचा त्रास होईल का माहीत नाही, डेंग्यूचा होतो हे डोळ्यांनी बघितलंय.

प्राजू_पलूस
@गावभाग तुमची भीती खोटी नाही. पण धुराची गाडी फिरली की फक्त त्या घटकेला उडत असलेला डास मरतो, पाण्यातल्या अळीला काही होत नाही, आठ दहा दिवसांत नवीन तयार. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात होतो आणि दिवसा चावतो, म्हणजे प्लेग्रुपच्या वेळेतच. त्या मॅडमना सांगा गच्चीवरच्या टाकीचं झाकण, कुंड्यांखालच्या थाळ्या, कूलर आणि ते रंगवलेले टायर जे पोरांना खेळायला ठेवलेत ना त्यांच्यात काय साठलंय ते बघा. आठवड्याला एक दिवस सगळं रिकामं करून घासायचं, हौद असेल तर गप्पी मासे, खिडक्यांना जाळी. आणि धूर मारायचाच तर शनिवारी पोरं गेल्यावर, सोमवारी सगळं उघडून, फरशी पुसून मग पोरं. बंद खोलीत पोरांजवळ कॉईल लावणारे पण आहेत, त्या धुरातले बारीक कण मोजले तर शंभरेक सिगारेटींच्या घरात जातात.

गावभाग_सांगली
टायरचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण साथ चालू असताना मी धुराला नाही म्हणणार नाही, सांगून ठेवते.

कृषीवाला_विटा
सगळी भीती इंटरनेटवरची. मी दुकानात रोज औषधं हाताळतो. डब्यावर त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा. निळा, हिरवा घेतला, प्रमाणात मारलं तर काही होत नाही. विष हे मात्रेवर असतं. आमची पिढी ब्लोअरच्या मागं पळत मोठी झाली, काय झालं आम्हाला?

डॉक्टरीणबाई_सातारा
दादा, त्या त्रिकोणाचा अर्थ एवढाच की एका दमात किती पोटात गेलं तर जीव जाईल. लाल म्हणजे थोड्यात, हिरवा म्हणजे भरपूर लागेल. रोज थोडं थोडं वर्षभर गेलं तर वाढत्या मेंदूचं काय होईल हे त्या त्रिकोणात कुठेच नाही. वाळवीला सर्रास वापरतात ते क्लोरपायरीफॉस घ्या, अमेरिकेनं 2000 सालीच ते घरांत वापरायचं बंद करायचं ठरवलं, कारण पोरं. आपल्याकडे बालवाडीच्या चौकटीला वाळवी लागली की तेच भोकं पाडून ओततात आणि दुसऱ्या दिवशी शाळा चालू.

आणि "आम्हाला काय झालं" हे ज्यांना झालं ते इथं लिहायला नाहीत. 2013 मध्ये बिहारमध्ये सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणातून मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पोटात गेलं, 23 पोरं गेली. विष स्वयंपाकाच्या तेलातून आलं होतं. तुमच्या दुकानातून गेलेले रिकामे कॅन गावात कशाला वापरतात ते एकदा फिरून बघा, कालच एका पेशंटच्या घरी पिण्याचं पाणी त्यात होतं, धुऊन घेतलंय म्हणाले.

दुकानात लोक अजूनही ते ढेकणांचं जुनं औषध मागतात ना? डायक्लोरव्हॉस. 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे त्यावर.

कृषीवाला_विटा
मागतात. मी ठेवत नाही. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही. पण मॅडम मग एवढं कळतंय तर आधी घरातलं बोला. गडी दिवसभर फवारून येतो आणि त्याच शर्टावर पोराला उचलून घेतो. पोर अंगणवाडीत चार तास, घरात वीस तास. पंप कुठं असतो? माळ्यावर नाही तर पलंगाखाली. अंगणवाडीची एक फवारणी बंद करून कुठला डोंगर हलणार?

प्राजू_पलूस
हे मात्र सोळा आणे खरं बोललात. आमच्याकडे छाटणीनंतर डोळे फुटायला काडीला पेस्ट लावली की त्या दिवशी दारू चालत नाही हे प्रत्येक गड्याला पाठ आहे, म्हणजे विष आहे ते कळतं. तोच गडी हात न धुता पोराला बिस्कीट देतो. फवारणीचे कपडे वेगळे, ते पोराच्या कपड्यांत धुवायला टाकायचे नाहीत आणि घरात शिरायच्या आधी अंघोळ, एवढं तरी व्हायला पाहिजे.

पण म्हणून अंगणवाडी सोडायची का? तीस घरांत तीस बापांना समजवायला मला दहा वर्षं लागतील, अंगणवाडीचं एका ठरावात होतं. आणि तिथं पोराला आपण सरकारच्या भरवशावर सोडतो.

एक राग मात्र आहे माझा, 2010 ला युरोपनं क्लोरमेक्वॅट या वाढ रोखणाऱ्या औषधावरनं आपले द्राक्षांचे कंटेनर अडवले, निर्यातीच्या घडातला औषधाचा अंश लॅबमध्ये तपासतात, काढणीच्या आधी किती दिवस औषध बंद ते वहीत लिहितात. हे सगळं जमतं आपल्याला. त्याच वहीत अंगणवाडीची वेळ लिहायला काय होतं?

बागायतदार_कवठेमहांकाळ
वहीचं बोलला ते लागलं थोडं. निर्यातीला पैसे मिळतात म्हणून वही हाय, खोटं कशाला बोलू.

माझ्यापुरतं सांगतो. ठरवून मारायचं असंल ते मी तांबडं फुटताना मारतो, वाराबी कमी असतोय, पोरं यायच्या आत उरकतंय. अंगणवाडीच्या अंगाच्या दोन वळी हातपंपानं मारीन, ब्लोअर नाही. शेवरी लावतो बांधावर, वाढली की थोडं अडवंल. पण पावसात नाही ऐकणार, आधीच सांगतो.

सेविका_मिरज_तालुका
पावसातलं मारा दादा, फक्त अर्धा तास आधी फोन करायला सांगा तुमच्या भागातल्या बागवाल्यांना. आम्ही खिडक्या लावू, बाहेर वाळत घातलेलं आत घेऊ, पोरांना अंगणात सोडणार नाही. आमच्या इथं तेवढाही फोन येत नाही, वास आला की कळतं.

कृषीवाला_विटा
फोन करतील आणि तुम्ही पालकांना सांगाल, मग पालक बागेवर येतील. बघा हां.

कराडचा_पश्या
येऊ देत की. सांगायचं तेच मारायचं, न सांगण्यासारखं असेल तर मारूच नका.

बागायतदार_कवठेमहांकाळ
पश्या, तू ये एकदा पावसात बागेत, मग बोलू. ताई, आमच्या सेविकाबाईचा नंबर घेऊन ठेवतो. आभाळ आलंय, जातो.