सोसायटीत ताम्हण लावायचंय, मुंबईत जमेल का?

मुलुंडकर: आमच्या कंपाउंडमधे एक जागा मोकळी झालीये, मला तिथे ताम्हणच हवंय, आपलं राज्यफूल आहे आणि अर्ध्या सोसायटीला ते ओळखता येत नाही याचं वाईट वाटतं. कमिटी म्हणते गुलमोहर लावा. मुंबईच्या हवेत येईल ना नीट? कुंडीत ठेवलं तर?

रानवाटा: येईल म्हणजे काय, कोकणातलंच झाड आहे ते, ओढ्याकाठी वाढणारं, त्यामुळे आपला पाऊस त्याला मस्त मानवतो. गुलमोहर मादागास्करचा, हे कमिटीला नक्की सांगा. एप्रिल-मे मधे जांभळ्या फुलांचे तुरे येतात, बरोब्बर महाराष्ट्र दिनाच्या आसपास, पाकळ्या बहुतेक 6 आणि कडा चुण्या पडलेल्या क्रेप कागदासारख्या. फक्त ऊन भरपूर हवं, सावलीत फुलत नाही धड.

माटुंग्याची ताई: कुंडीत नको हो, मोठा वृक्ष आहे तो! कुंडीसाठी त्याच्याच जातकुळीतली सावनी घ्या, ती झुडूप असते. जमिनीत लावताना भिंत आणि ड्रेनेजपासून लांब, जूनमधे पाऊस सुरू झाला की लावा, पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी चुकवू नका. थंडीत पानं लाल होऊन गळतात, तेव्हा कोणी वाळलं म्हणून तोडायला निघेल, आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

मुलुंडकर: खूप थँक्स दोघांना, रविवारच्या मीटिंगमधे हेच मांडतो. रोप नर्सरीतून आणू की बियांपासून करू?

रानवाटा: रोपच आणा, बियांपासून फुलं यायला बरीच वर्षं जातात.