गच्चीवरचा खताचा ड्रम: मेमध्ये कोरडाठाक, पावसाळ्यात दुर्गंधी. शास्त्रीय कारण कोणी सांगेल का?

गच्चीवाली_भुसावळ:
आमचा ओला कचरा म्हणजे भरताच्या वांग्यांची देठं, मेथीच्या काड्या, चहाचा चोथा आणि केळीची सालं (ती तर रोजची). गच्चीवर निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये सगळं टाकते. तळाला भोकं आहेत, वर झाकण. मे महिन्यात आत काहीच कुजलं नाही, सालं काळी पडून चामड्यासारखी झाली. विकत आणलेली गांडुळं त्याआधीच मेली होती. आता पाऊस लागला तर तळाला काळं पाणी, सडक्या अंड्याचा वास आणि वर वळवळणाऱ्या अळ्या. शेजारच्या काकू कठड्यापाशी आल्या की पदर नाकाला लावतात.

सासूबाई म्हणतात, उकिरडा करायला कसलं शास्त्र लागतं? व्हिडिओवाल्यांपैकी एक म्हणतो गूळ घाला, दुसरा म्हणतो ताक. मला कारणासकट उत्तर हवंय.

शेतीवाला_यावल:
ताई, गूळ-ताक राहू द्या. कुजवणारे जंतू कचऱ्यावर मुळातच असतात. त्यांना हवा, ओल आणि बेताचं खाणं लागतं. तुमच्याकडे मेमध्ये ओल नव्हती, आता हवा नाही.

ओल साधारण 50 ते 60 टक्के असावी. 40 च्या खाली गेली की जंतूंचं काम थंडावतं, आणि आपल्याकडे पारा 45 ला टेकतो तेव्हा गच्चीवर तेवढं सुकायला वेळ लागत नाही. उलट 65 च्या वर गेली की फटींत पाणी भरतं, हवा संपते, आणि हवेशिवाय जगणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तोच तुमचा अंड्याचा वास. डोळ्यांत झोंबणारा वास आला असता तर तो अमोनिया, म्हणजे नत्र (नायट्रोजन) जास्त. नाकानं एवढं कळतं, यंत्र नको. ओल बघायला मूठभर माल घट्ट पिळा. दोन-चार थेंब निघाले तर बरोबर, धार लागली तर जास्त, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा.

आता खाणं. कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे नत्राच्या एका भागाला कर्ब (कार्बन) किती भाग, ते 25 ते 30 ला 1 हवं. स्वयंपाकघरातला ओला कचरा 15-20 च्या आसपास असतो, लाकडाचा भुसा 300 च्या वर. म्हणून ओल्याच्या दुप्पट आकारमानाचा वाळका माल टाका: निंबाचा पाला, फाडलेली वर्तमानपत्रं, नारळाच्या शेंड्या. कपाशीच्या पऱ्हाट्या फुकट मिळतात, पण त्यांतलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, लवकर कुजत नाही. बोटभर तुकडे करून तळाला घाला, तेवढ्यानं हवा खेळेल.

ड्रम आतून तापत नाही म्हणून खंत करू नका. साधारण घनमीटरभर ढीग असेल तर आतली उष्णता टिकून 55 अंशांच्या वर जाते. ड्रममध्ये ती बाजूंनी निघून जाते. खत होतं, फक्त वेळ लागतो. गांडुळांचं म्हणाल तर ती नेहमीची लाल जात 35 अंशांच्या वर तग धरत नाही. खानदेशात गच्चीवर उन्हाळ्यात ती ठेवायला सांगणाऱ्यानं आधी स्वतः तिथे दुपारी बसून दाखवावं.

आणि सासूबाईंना सांगा, इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला बसवलेली पद्धत उकिरड्याच्या फार लांबची नाही. पालापाचोळा, शेण, राख यांचे थर लावायचे आणि ढीग ठराविक काळानं पलटायचा. आपला उकिरडा अडतो तो या पलटण्यापाशी.

धुळेकर:
ताई, मन्हा ड्रममा बी अशाच अळ्या व्हत्यात! त्या नीट बघा. तपकिरी, चपट्या आणि राठ असतील तर ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, राहू द्या. ओला कचरा भराभर फस्त करतात, आणि ती माशी चावत नाही की घरातल्या अन्नावर घोंगावत नाही. पांढऱ्या, मऊ, एका टोकाला निमुळत्या असतील तर घरमाशीच्या. दर वेळी ओल्यावर कोरड्याचा जाड थर दिला की माशीला अंडी घालायला उघडं मिळत नाही.

वजनकाटा_चोपडा:
मी वेगळंच सांगतो. आधी आठवडाभर कचरा वजन करून लिहा. 1973 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात विल्यम रात्जे या पुरातत्त्वज्ञानं लोकांचा कचरा निवडून तपासायला सुरुवात केली. लोक सांगत एक आणि टोपलीतून निघे दुसरंच. मांसाची टंचाई होती तेव्हा ते उलट जास्त फेकलं गेलं, कारण लोकांनी भीतीनं साठवलं होतं. आमच्याकडे वजन केल्यावर कळलं की निम्मा भार सालांचा नव्हता, काळ्या पडलेल्या अख्ख्या केळ्यांचा होता. स्वस्त म्हणून फण्याच्या फण्या आणायच्या, दुसरं काय! केळी मोजकी आणल्यावर ड्रमचं ओझं बरंच उतरलं.

गच्चीवाली_भुसावळ:
अळ्या तपकिरी निघाल्या, काकूंना दाखवायचं धाडस नाही. कोपऱ्यावरचा सुतार पोतंभर भुसा द्यायला तयार आहे. चालेल?

शेतीवाला_यावल:
सागाचा, बाभळीचा असेल तर आणा, पण थोडा थोडा टाका. प्लायवूड कापलेला असेल तर नको. त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. सुतार सगळं एकाच पोत्यात झाडतो, तेव्हा आधी विचारून घ्या.