राउंड नेमके कुठे लावायचे?

डेटाकारकून: “क्वेरीतला प्रत्येक आकडा राउंड करून दोन दशांशांवर आणा, रिपोर्ट स्वच्छ दिसतो,” हा काल इथे दिलेला सल्ला नव्या मुलांनी प्रमाण मानू नये, म्हणून सविस्तर लिहितो. (क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, आणि राउंड म्हणजे आकडा ठरावीक दशांशांपर्यंत आणणारे त्यातले फंक्शन.) १०.२५ रुपयांच्या वस्तूवर ९ टक्के सीजीएसटी ०.९२२५ रुपये होतो. अशा शंभर ओळी आधी राउंड करून मग बेरीज केली तर ९२ रुपये येतात, आणि आधी बेरीज करून मग राउंड केले तर ९२.२५. मधले पंचवीस पैसे कुठे गेले, हे त्या स्वच्छ रिपोर्टवरून कोणालाही सांगता येणार नाही. राउंड सर्वात बाहेरच्या सिलेक्टमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अंतिम निकाल देणाऱ्या भागात, आणि एकदाच लावावे.

हिशेबनीस: सल्ला माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे. तुम्ही कधी बिल छापून गिऱ्हाइकाच्या हातात दिलेले दिसत नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाने कॅलक्युलेटर घेऊन छापील ओळींची बेरीज केली, ती एकूण रकमेशी तीन पैशांनी जुळली नाही, आणि तेवढ्यावरून त्यांनी पेमेंट पंधरा दिवस अडवले. शिवाय सीजीएसटी कायद्याच्या कलम १७० नुसार देय कर जवळच्या रुपयात आणावाच लागतो, तुमचे ९२.२५ तिथे ९२ च होतात.

जुनाप्रोग्रामर: दोघेही कॉलमचा प्रकार विसरलात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २.५ न्यूमरिक (दशांश आकडा जसाच्या तसा साठवणारा प्रकार) असेल तर राउंड ३ देते. तेच डबल प्रिसिजन (आकडा बायनरीत, म्हणून कधीकधी फक्त जवळपास साठवणारा फ्लोट प्रकार) असेल तर बहुतेक मशीनवर २ देते, कारण तिथे बरोबर अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे जातो.

हिशेबनीस: आमचा कॉलम न्यूमरिकच आहे. कृपया विषय भरकटवू नका.

जुनाप्रोग्रामर: भरकटवत नाही, मूळ दुखणे सांगतो आहे. डबल प्रिसिजनमध्ये १.००५ साठतच नाही, त्याहून किंचित कमी आकडा साठतो. एका मायग्रेशननंतर (डेटा नव्या टेबलात हलवल्यावर) जुना आणि नवा रिपोर्ट जुळेना, तेव्हा माझ्या दोन रात्री राउंडला दोष देण्यात गेल्या. नव्या टेबलात दराचा कॉलम फ्लोट केलेला होता.

डेटाकारकून: कॉलमचे म्हणणे खरे आहे, पण कलम १७० ची ढाल इथे चालत नाही. अशी तीन बिले एकत्र धरा: ओळी आधी राउंड केल्या तर २७६, बेरीज करून मग केले तर २७६.७५, म्हणजे जवळच्या रुपयात २७७. संपूर्ण रुपयाचा फरक पडला. छापील ओळीचा मुद्दा मात्र नाइलाजाने मान्य करतो. ओळीचा कर एकदाच राउंड करून टेबलात साठवा आणि पुढच्या सगळ्या बेरजा त्याच कॉलमवरून घ्या. सरासरी आणि टक्केवारी काढणाऱ्या सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) राउंड दिसले, तर मी ती क्वेरी परत पाठवणारच.

हिशेबनीस: साठवायचेच असेल तर मी वेगळे काय म्हणत होतो? सबक्वेरीतले राउंड काढतो. बिलातले राहणार.