उत्तर : अश्ववैद्यक १७६२ च्याही खूप आधीचं

घोड्यांचं वैद्यक १७६२ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ इथे सुरू झालं, हे नेहमीचं विधान अर्धंच खरं वाटतं. तिथे सुरू झाली ती पशुवैद्यकाची शाळा. ती काढणारा क्लोद बुर्जला हा मुळात घोडेस्वारीच्या अकादमीचा प्रमुख. उपचार त्याच्या कितीतरी आधीचे.

हित्ती म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले प्राचीन लोक; त्यांच्या राजधानीत, हत्तुशा इथे, किक्कुलीच्या मातीच्या पाट्या सापडल्या. हा मितान्नी या शेजारच्या प्राचीन राज्याचा अश्वशिक्षक. घोड्याला किती पळवायचं, कधी धुवायचं, कधी पांघरूण घालून घाम काढायचा, किती जव द्यायचे, सगळं दिवसवार. फेऱ्यांचे शब्द मात्र ऐकण्यासारखे : ऐकवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, म्हणजे एक, पाच, सात फेऱ्या. (आमच्याकडे पत्ते खेळताना पंजी-सत्ती म्हणतात, तेच आठवलं!) पण हे झालं मोतद्दाराचं काम, वैद्याचं नव्हे.

वैद्यकच हवं तर सीरियाच्या किनाऱ्यावरचं प्राचीन शहर उगारित. इसवी सनापूर्वी साधारण १३०० च्या आसपासच्या तिथल्या पाट्यांवर चक्क नुस्खे आहेत. घोड्याला अमुक झालं तर जुन्या अंजिरांची वडी, जुने मनुके आणि पीठ एकत्र करून नाकपुडीत ओता! वाचूनच ठसका लागतो. पातळ औषध फुफ्फुसात गेलं तर घोडा दगावायचा.

तरी नाकाचा रस्ता सुटला नाहीच. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ झाला की आजही डॉक्टर नाकपुडीतूनच जठरापर्यंत नळी घालतात, आणि ती श्वासनळीत गेली नाही ना, हे आधी तपासतात.