बाबांना कमी ऐकू येतं, लेक सात वर्षांची आहे. नाटकाला कसं न्यावं?

मोगरा_पुणे:
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात बऱ्याच वर्षांनी बाबांना नाटकाला नेलं. बाबा ७४ वर्षांचे. उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, डाव्या कानात यंत्र आहे. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी बाबा कॉलेजसाठी साताऱ्याहून पुण्यात आले. मेसच्या पैशांतून वाचवून त्यांनी शेवटच्या रांगेतून नाटकं पाहिली आहेत. आईशी लग्न ठरल्यावर पहिल्यांदा तिला घेऊन गेले तेही नाटकालाच.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी पहिल्या अंकात चारपाच वेळा व्हॉट्सअॅप उघडलं, दर वेळी तो पांढरा उजेड थेट आमच्या डोळ्यांत. डावीकडे एक मुलगी मोबाइल उंच धरून गाण्याचं शूटिंग करत होती. कुणी कुणाला काही बोललं नाही. मग एका अगदी शांत प्रवेशात बाबांनी मला विचारलं, "काय म्हणाली ती?" त्यांना स्वतःचा आवाज किती मोठा होतो ते कळत नाही. मागून जोरात "शूऽऽ" आलं, आणि पाठोपाठ, "ऐकू येत नाही तर येतात कशाला?" बाबांनी ते मात्र नेमकं ऐकलं. मध्यंतरात म्हणाले, चल, घरी जाऊ. आम्ही गेलो.

मला त्यांना पुन्हा न्यायचंच आहे, लेकीलाही बरोबर घ्यायचं आहे. पण आमच्यामुळे कुणाचा प्रयोग खराब व्हायला नको. कुठली तिकिटं काढू, कुठलं नाटक निवडू, आणि मोबाइलवाल्यांना काय आणि कधी सांगायचं? अनुभवी लोकांनी सांगा.

विंगेतला:
ताई, वाचून फार वाईट वाटलं. मी पंधरा वर्षं नाटकांच्या लाइट्सवर काम केलंय, तिथून जे दिसतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, बाबांचा प्रश्न आणि ते व्हॉट्सअॅप एका तागडीत घालू नका. बाबा नाटकात पूर्ण गुंतले होते म्हणून त्यांना ते वाक्य हवं होतं. मोबाइलवाला तिथे नव्हताच.

लोकांना वाटतं की अंधारात बसलोय, कोण बघतंय. स्टेजवरून पुढच्या कितीतरी रांगा नीट दिसतात. मोबाइल पेटला की त्या माणसाचा चेहरा खालून उजळतो आणि नटाची नजर नको म्हटलं तरी तिकडे जाते. त्याच वेळी त्याला पुढचं वाक्य घ्यायचं असतं. पॉज तर विचारूच नका. चार सेकंदांची शांतता तालमीत महिनाभर घोटलेली असते, आणि तिथे रिंगटोन वाजली की तो प्रवेश त्या दिवसापुरता गेला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केला तरी तो परत येत नाही.

आणखी एक, याबद्दल कुणी बोलत नाही. ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे दोन प्रवेशांमधल्या अंधारात, आमची पोरं टेबल, पलंग, दार सगळं वीस सेकंदांत हलवतात. जमिनीवरच्या रेडियमच्या पट्ट्या बघून पावलं टाकायची, त्यासाठी डोळे अंधाराला सरावलेले लागतात. तेवढ्यात कुणीतरी पर्स शोधायला टॉर्च लावतो आणि मुलाला समोरचं दिसेनासं होतं. माझ्या डोळ्यांदेखत एकाचा पाय लेव्हलच्या (स्टेजवरच्या उंच लाकडी चौथऱ्याच्या) कडेवर आपटून नडगी फुटलेली आहे.

आता तिकिटं. अगदी पहिली रांग घेऊ नका, मान वर करून बसावं लागतं आणि दोन्ही बाजूंचे स्पीकर कानावरून निघून जातात. बाल्कनीच्या खाली मागे आवाज दबतो, तेही टाळा. चौथी ते सातवी रांग उत्तम. बाबांचा डावा कान चालतो ना? मग स्टेजकडे तोंड केल्यावर सभागृहाच्या उजव्या भागात बसा, म्हणजे तो कान आपोआप स्टेजच्या मध्याकडे राहील. तुम्ही त्यांच्या डाव्या हाताला बसा. ऑनलाइन काढताना हे लक्षात येत नाही. जमलं तर बुकिंगच्या खिडकीवर जाऊन प्लॅनवर बोट ठेवून तिकीट मागा.

डावा_कान:
मलाही यंत्र आहे, सहा वर्षं झाली. निघायच्या आधी बॅटरी नवी घाला किंवा पूर्ण चार्ज करा आणि साचा कानात घट्ट बसलाय ना ते बघा. सैल असला की यंत्र शिट्टी मारतं. ती घालणाऱ्याला बऱ्याचदा ऐकू येत नाही, पण चार खुर्च्यांपर्यंत जाते. मला हे माझ्या नातवाने सांगितलं तेव्हा कळलं.

नाटक निवडताना पात्रं कमी असलेलं निवडा. फार्स आम्हाला जड जातो. चार जण एकदम बोलतात, त्यावर हशा, आणि हशात पुढचं वाक्य बुडतं. कथानक आधी वाचून जा. मला शेवट माहीत असलेला चालतो. मग कोण काय म्हणालं याची धडपड उरत नाही, नट कसं म्हणाला ते बघता येतं.

आमच्या घरात एक खूण ठरली आहे. काही कळलं नाही की मी बायकोचा हात दाबतो. ती लक्षात ठेवते आणि मध्यंतरात सांगते. प्रयोगात एक अक्षर नाही. सुरुवातीला अवघड गेलं, आता मला मध्यंतराचीच जास्त ओढ असते.

आणि हो, संगीत नाटक. बाबांच्या पिढीला पदं तोंडपाठ असतात. सौभद्र १८८२ पासून चालू आहे. त्यांना एखादा शब्द नाही ऐकू आला तरी त्यांच्या मनात तो आधीच वाजलेला असतो. तिथे "वाहवा" आणि "वन्स मोअर"ची रीतच आहे, त्यामुळे ते मोकळेपणाने दाद देऊ शकतील. फक्त आलाप चालू असताना नाही, समेवर किंवा पद संपल्यावर.

तिसरी_घंटा:
मोबाइलवाल्यांना सांगून उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत झालंय. २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी जाहीरपणे लिहिलं होतं की प्रयोगात मोबाइल वाजत राहणार असतील तर नाटकात काम न करणं हाच पर्याय. इतक्या मोठ्या नटाने सांगून लोक ऐकत नाहीत, तर शेजारच्याचं काय ऐकणार? मोबाइलची रेंजच तोडणारे जॅमर बसवा.

विंगेतला:
जॅमरला केंद्र सरकारची परवानगी लागते, कुठलंही नाट्यगृह आपलं आपण लावू शकत नाही. प्रेक्षकांत ऑन कॉल डॉक्टर असतात, घरी आजारी माणूस ठेवून आलेले असतात. आणि व्हॉट्सअॅपचा जुना मेसेज वाचायला रेंज लागत नाही, उजेड तसाच राहणार.

सोनचाफा_ठाणे:
सांगून उपयोग होतो, वेळ साधली तर. मी दर महिन्याला दोन तरी नाटकं बघते. प्रयोग चालू असताना खांद्यावर टकटक केली की समोरचा दचकतो, वळतो, काहीतरी बोलतो, आणि आता दोन रांगांचं लक्ष उडालेलं असतं. मी तिसऱ्या घंटेच्या आधीच बोलते. मोबाइल हातात दिसला की, "तुम्ही सायलेंट केलात का? मी आत्ताच केला, नेहमी विसरते." आजवर एकानेही तोंड वाकडं केलेलं नाही, कारण त्याने अजून काही चूक केलेलीच नसते. नंतर उघडलाच, तर मध्यंतरापर्यंत थांबते आणि सांगते, "तुमच्या मोबाइलचा उजेड थेट डोळ्यांवर येतो हो." शूटिंग चालू असेल तर मात्र डोअरकीपरला सांगते, ते त्यांचं काम आहे.

"शूऽऽ" करणं मी पूर्ण बंद केलंय. ते मूळ आवाजापेक्षा मोठं असतं.

वेफर्सची पाकिटं, चिवड्याची पुडी, प्लास्टिकची पिशवी हे सगळं बाहेर संपवा. वडा मध्यंतरात खायचा आणि घंटा झाली की हात पुसून आत यायचं. उशीर झाला तर अंक चालू असताना मधल्या खुर्चीत घुसू नका, कडेला उभे राहा, ब्लॅकआउटनंतर उजेड आला की बसा. मुंबईत पृथ्वी थिएटरला तर उशिरा आलेल्याला आत सोडतच नाहीत, आणि लोक वेळेवर येतात.

टेम्सकाठी:
लंडनहून लिहितेय. इथे रॉयल ऑपेरा हाउसमध्ये बॅले बघायला जाते. नाटकासारखं नाही, नर्तिकेचा एकल तुकडा संपला की मधेच टाळ्या वाजवणं रीतसर आहे. पण पडदा उघडण्याआधीचं वाद्यवृंदाचं संगीत चालू असताना गप्पा मारणारे इथेही भेटतात. वरच्या मजल्यावर माणूस पुढे झुकला की मागच्याचा अर्धा स्टेज जातो, त्यामुळे खुर्चीला पाठ टेकून बसा असं सांगितलेलं असतं. आपल्याकडे बाल्कनीत बसाल तर लेकीला हे जरूर शिकवा.

बाबांसाठी मन तुटलं. इथल्या नॅशनल थिएटरने २०१८ मध्ये असे चष्मे आणले की संवाद काचेवर उमटतात. काही प्रयोग मुलांसाठी, आजारी माणसांसाठी मुद्दाम सैल ठेवतात. आवाज झाला, मधेच उठलं तरी चालतं. आपल्या संस्थांनी असा एखादा दुपारचा प्रयोग ठेवावा असं फार वाटतं.

आजीचीगोधडी:
लेकीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. सातव्या वर्षी मोठ्यांचं तीन तासांचं नाटक नको. मे महिन्याच्या सुट्टीत बालनाट्यं लागतात, तिथून सुरुवात करा. रत्नाकर मतकरींचं अलबत्या गलबत्या २०१८ मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा मी दोन्ही नातवंडांना नेलं होतं. चेटकिणीला बघून अख्खं सभागृह ओरडत होतं आणि ते ओरडणं नाटकाचाच भाग होता. मूल तिथे शिकतं की स्टेजवरचा माणूस आपल्याला ऐकतो. तेवढं कळलं की मोठ्यांच्या नाटकात गप्प बसायला सांगावं लागत नाही.

मोठ्यांच्या नाटकाला नेलंत तर दुपारचा प्रयोग घ्या, कडेच्या दोन खुर्च्या घ्या, आणि ती कंटाळली तर तुम्हीच तिला घेऊन बाहेर या. काही ठिकाणी रडणाऱ्या मुलांना घेऊन बसायला काचेमागची क्राय रूम असते, आधी चौकशी करा.

मोगरा_पुणे:
सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो, म्हणून पुन्हा लिहितेय. लेकीला या वेळी नेलं नाही, तिला मे महिन्यात नेईन.

खिडकीवर जाऊन पाचव्या रांगेची उजवीकडची तिकिटं घेतली. बाबा यायला तयार नव्हते, हाताची खूण समजावली तेव्हा उठले. बसल्यावर त्यांनीच उजवीकडच्या तरुणाला सांगितलं, "मला कमी ऐकू येतं, माझा आवाज मोठा झाला तर मला सांगा." तो मुलगा म्हणाला, "काका, बिनधास्त बसा," आणि स्वतःचा मोबाइल बंद करून खिशात टाकला.

पहिल्या अंकात बाबांनी माझा हात सात वेळा दाबला. मध्यंतरात मला पाचच आठवले, राहिलेले दोन त्या मुलाने सांगितले. दुसऱ्या अंकात दोनदाच दाबला.

पुण्यात सौभद्रचा प्रयोग लागला तर कृपया इथे कळवा. चार तिकिटं काढायची आहेत, आई पण येते म्हणाली.