टॉफेल म्हणाले म्हणून आऊट?

पाचपाखाडीकर
काल तलावपाळीला पुन्हा जयस्वालच्या विकेटवरून जुंपली. ऑस्ट्रेलियाविरुद्धची मेलबर्न कसोटी, डिसेंबर २०२४. ८४ वर खेळत होता, कमिन्सचा आखूड चेंडू, मागे कॅरीचा झेल. मैदानावर नाबाद दिलं होतं. रिव्ह्यूमध्ये स्निकोची (चेंडू लागल्याचा आवाज टिपणारं तंत्र) रेघ सपाट, तरी तिसरे अंपायर शरफुद्दौला यांनी चेंडूची दिशा बदलताना दिसते म्हणून बाद दिलं. एक मित्र म्हणाला, ‘माजी अंपायर सायमन टॉफेल आऊट म्हणतात, विषय संपला.’ दुसऱ्याने लगेच नाबाद म्हणणाऱ्या गावसकरांना पुढे केलं. चेंडू ग्लोव्हला लागला का, यावर कुणी बोलेचना!

मोठं नाव म्हणजे पुरावा नव्हे. २०१९ च्या वर्ल्डकप फायनलला स्टोक्सच्या बॅटला लागून गेलेल्या ओव्हरथ्रोवर सहा नव्हे, पाच धावा हव्या होत्या, हेही टॉफेलच म्हणाले. ते पटलं, कारण नियम समोर होता. फिल्डर गप्टिलचा थ्रो सुटला तेव्हा स्टोक्स आणि रशीद यांनी दुसऱ्या धावेसाठी एकमेकांना ओलांडलं नव्हतं, म्हणून ती धाव धरायला नको होती. क्लिप थांबवून कुणीही बघावं.

घणसोलीचा अंपायर
दादा, नाही पटलं. मी इकडे टेनिस बॉलच्या स्पर्धांना उभा राहतो. अपील झालं की लगेच निर्णय द्यावा लागतो, नाहीतर दोन्ही टीम पिचवर येतात. टॉफेल २००४ ते २००८ सलग पाच वर्षं आयसीसीचे सर्वोत्तम अंपायर होते. ती नजर कमावलेली आहे. ओव्हरथ्रोचा नियम लिहिलेला आहे हो, पण पुसटसा स्पर्श कुठल्या कलमात शोधणार?

जुईनगर एक्स्प्रेस
मी गावसकरांच्या बाजूने. बॅट्समनला ओलांडून गेल्यावरही चेंडू हवेत वळतो, कीपर उगाच आडवे पडत नाहीत. म्हणजे दिशा बदलली याचा अर्थ लागलाच, असं नाही. रेघ सपाट असेल तर शंका उरते, आणि शंका असेल तर मैदानावरचा निर्णय कायम राहायला हवा. त्याच मालिकेत पर्थला राहुलची बॅट पॅडला लागली असणार, तरी रेघ उठली म्हणून त्याला बाद दिलं. मग रेघ मानायची कधी?

पाचपाखाडीकर
@जुईनगर, हा खरा मुद्दा! आता मुद्द्यावर भांडता येईल. हवेतलं वळण हळूहळू येतं. इथे चेंडूचा कोन नेमका ग्लोव्हपाशी मोडतो. स्निको चालवणाऱ्यांनीही नंतर सांगितलं की अशा ओझरत्या स्पर्शाचा आवाज येत नाही. रोहित शर्मासुद्धा सामन्यानंतर म्हणाला की नुसत्या डोळ्यांना काहीतरी लागल्यासारखं वाटलं. माझ्या मते तो आऊटच होता, पण ते त्या कोनामुळे. टॉफेल यांच्या जागी एखाद्या शाळकरी पोराने तो कोन दाखवला असता तरी मी मानलं असतं.

@अंपायर, मैदानावर तुमचा निर्णय अंतिम, यावर वादच नाही. पण अंतिम आहे म्हणून तो बरोबर ठरत नाही.

घणसोलीचा अंपायर
शाळकरी पोराला कोन दिसेल, पण आधी बघायचं कुठे हे त्याला कोण सांगणार? आमच्या स्पर्धा आता युट्यूबवर लाईव्ह असतात. रात्री पोरं झूम केलेली क्लिप घेऊन येतात. कॅमेरा साइटस्क्रीनमागे, तोही हलणारा, चेंडू म्हणजे नुसता पिवळा ठिपका. मी कुठे उभा होतो, मध्ये कोण आलं, आवाज आधी आला की चेंडू आधी वळला, हे सगळं सांगतो. त्यापुढे माझ्याकडे ‘मी पाहिलं’ एवढंच उरतं. तिथे टॉफेल यांच्या शब्दाला माझ्या शब्दापेक्षा जास्त वजन आहे आणि ते असायलाच हवं.