गोम, घोण आणि वाणी

‘सेंटिपीड’साठी मराठीत गोम लिहावे, घोण लिहावे की शतपदी, हा प्रश्न कोकणात राहणाऱ्याला फारसा पडत नाही. जांभ्याच्या गडग्यातला एखादा सुटा चिरा उचलला की खालच्या ओलसर मातीवरून सळसळत निसटते ती गोम. आणि तीच वीतभर लांब, जाड, तांबूस निघाली तर आमच्या घरात तिला घोण म्हणतात.

वाणी, म्हणजे ‘मिलिपीड’, मात्र वेगळी, आणि लिखाणात या दोघींची गल्लत होते तेव्हा वाईट वाटते. वाणीच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, गोमेच्या प्रत्येक खंडाला एकच. वाणी कुजका पाला खाते आणि हात लागताच नाण्यासारखे वेटोळे करते, म्हणून तिला पैसा असेही नाव आहे. गोम शिकारी आहे. तिचे विष डोक्यामागच्या पहिल्या पायजोडीत, आकड्यांत रूपांतर झालेल्या पायांत असते. तरीही आपण ‘गोम चावली’ असेच म्हणतो आणि ते बदलण्याचे कारण नाही.

‘शतपदी’ हा शब्द मला पटत नाही. पूर्ण वाढलेल्या गोमेच्या पायजोड्यांची संख्या नेहमी विषम असते, त्यामुळे नेमके 100 पाय कोणत्याच गोमेला नसतात. घोणीला बहुधा 21 जोड्या, म्हणजे 42 पाय. युरोपच्या रानात दगडाखाली सर्रास आढळणाऱ्या तपकिरी गोमेला 15 जोड्या, म्हणजे 30. ‘गोमेचा एक पाय मोडला तर ती लंगडी होत नाही’ ही म्हण अक्षरशः खरी आहे, कारण गळलेला पाय कात टाकताना पुन्हा फुटतो.

तिच्या अंगात ओल टिकत नाही, म्हणून ती पोफळीच्या बागेतला पातेरा, नारळाच्या सोडणांचा ढीग, कुजका ओंडका अशा जागा धरून राहते. एकदा माडाच्या बुंध्याशी चिरा हलवला, तर घोण पिवळसर अंड्यांच्या पुंजक्याभोवती वेटोळे घालून बसलेली दिसली. मी चिरा होता तसा परत ठेवला.

‘यातली खरी गोम अशी’ या प्रयोगातली गोम म्हणजे लपलेली खोड. घोड्याच्या अंगावरील केसांच्या अशुभ मानलेल्या रेघेलाही गोमच म्हणतात, आणि हा अर्थ तिकडूनच आला असावा, असे मला वाटते.